रांजणातली गोधडी

बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात रांजणातलं पाणी, पाण्यावर तपासणीच्या औषधाचा एक थेंब – आणि पिवळा रंग काही येईना. चतुराबाईनं नळी खिडकीकडे धरली, मग दाराकडे, मग परत खिडकीकडे, जणू रंग लाजून कुठंतरी कोपऱ्यात उभा असेल... नाही. पाणी कोरं. म्हणजे काल स्वतःच्या हातानं टाकलेलं क्लोरीन सकाळपर्यंत कुणीतरी खाऊन टाकलं होतं.

नऊ वर्षं गावाच्या विहिरीत औषध टाकणारी बाई ती. नळी पिवळी झाली की प्यावं, नाही झाली की थांबावं, हे घरोघरी सांगत फिरली. आणि स्वतःच्या रांजणाला नळी आज पहिल्यांदा लावली होती. घरच्या पाण्याची परीक्षा घ्यायची म्हणजे सासूच्या हातचं जेवण हुंगून पाहण्यासारखंच की. ते तिला कधी सुचलंच नाही – किंवा सुचलं असेल, आणि तिनंच त्याला बाहेर बसवलं असेल.

आतल्या खोलीत संस्कृती झोपली होती. पाच वर्षांची नात, ओठ सुकलेले, उशाशी साखर-मिठाच्या पाण्याचा पेला. दिवाळीपासून तिसऱ्यांदा. वाशीमला आईबापाजवळ असते तेव्हा ठणठणीत. आजीकडे आली की दोन दिवसांत पोट बिघडलेलं. या खेपेला सुनेनं, वर्षाराणीनं, पाण्याचा मोठा जार एसटीतून आणला होता. ओट्यावर ठेवला तेव्हा तिच्याऐवजी जारच बोलला. तरी पोरीनं येताच रांजणात तांब्या बुडवला, सवयीनं, आणि व्हायचं ते झालंच. मग काल वर्षाराणी हळूच म्हणाली, “आई, उन्हाळ्यात संस्कृतीले इथं नाई ठेवत आता. उद्या चारच्या गाडीनं जातो आमी.”

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. चढलेल्या आवाजाला उत्तर देता येतं. उन्हाळ्याच्या त्या दोन महिन्यांवर चतुराबाई वर्षाचे बाकी दहा काढत होती, हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर तेही हिशेबासारखं वाटलं असतं.

तिनं क्लोरीनचे थेंब वाढवून पाहिले होते. दोनाचे चार, चाराचे सहा... “आजी, पाण्याले दवाखान्याचा वास येते,” पोरगी नाक मुरडायची, आणि आजार तसाच. म्हणून मघाशी उपकेंद्रातल्या रंजीता सिस्टरला फोन लावला.

“रांजण आतून घासता का, चतुराताई?”

“रोज खळबळून धुतो ना.”

“घासता का म्हणलं मी.”

घासत नव्हती. सासूचा, रूपाबाईचा, नियम होता – रांजणात हात घालायचा नाही, पाण्याची गोडी जाते. बाहेरून पुसून लख्ख, आत दोन तांबे पाणी फिरवायचं, झालं. सासूला जाऊन चार वर्षं झाली, नियम मात्र मागच्या दारी खाट टाकून बसला होता.

सिस्टर म्हणाली, “आतून बुळबुळीत थर धरते. ते जंतूच तयार करतात, अंगावर गोधडी घेतल्यावाणी. वरचे तुमचं क्लोरीन आपल्या अंगावर घेतात, मरतात, अन् औषध तिथंच संपते. खालचे मजेत. थोडंथोडं औषध चाखून सोसायलेही शिकतात मंग. थेंब वाढवून काई होत नाई ताई, हात घाला.”

“लय हुशार हायेत व्हय!”

“कौतुक कायले करता? तुमच्याच नातीच्या पोटात हुशारी करून राह्यले ते.”

आता तिनं बांगड्या वर सारल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. गार पाणी, त्याखाली भिंत... आणि भिंतीला ते. मऊ. गोगलगायीच्या पाठीसारखं. किळस यायला हवी होती, आलीही, पण तिच्या मागोमाग दुसरंच काही आलं. वरचे मरतात, खालचे जगतात...

चतुराबाई मनाशी म्हणाली, लग्नानंतर सहा वर्षं मला मूल नव्हतं. हळदीकुंकवाच्या बायका यायच्या, जिभेवर काहीतरी घेऊनच यायच्या, आणि रूपाबाई दारातच सुपारी कातरत बसलेली असायची. “माह्या सुनेचं मी पायतो, तू तुह्या म्हशीचं पाय.” जे यायचं ते तिच्यापाशीच संपायचं. आत चुलीपुढे बसलेल्या माझ्यापर्यंत फक्त अडकित्त्याचा आवाज पोचायचा – कट्, कट्. म्हातारी वर होती म्हणून मी खाली शाबूत राहिले. आणि तिचाच नियम आज माझ्या नातीला... नाही, तिच्यावर कशाला ढकलू? ती गेल्यावर हात घालायला मला कुणी अडवलं होतं? उलट मी वर्षाराणीलाच म्हणत आले, तुह्या त्या पुड्यातल्या बिस्किटानं पोट बिघडते पोरीचं. शेजारच्या बेबीताईसमोरही म्हणाले. सुनेच्या वर मी कधी तशी आडोसा होऊन बसले? मीच तर तिच्यावर थेंब टाकत राहिले. दोनाचे चार, चाराचे सहा.

रांजण एकटीनं कलंडणारा नव्हता.

“वर्षा, जरा हात लाव वं.”

वर्षाराणी पिशवीची चेन लावत दारात आली. “काय करून राह्यल्या आई?”

“रांजण घासतो. आतून.”

“तुमीच तर म्हणता, हात घालाचा नाई.”

“म्हणत होतो. चुकलं.” एवढ्यावर थांबता आलं असतं. “पोरीचं पोट तुह्या बिस्किटानं नाई बिघडलं. यानं बिघडलं.”

वर्षाराणीनं तिच्याकडे पाहिलं. मग ओढणी कमरेला खोचली. दोघींनी मिळून रांजण अंगणात कलंडवला, नारळाच्या शेंडीनं आळीपाळीनं घासला, आणि हिरवट, राखाडी पाणी तुळशीला वळसा घालून नालीत गेलं. संस्कृती डोळे चोळत बाहेर आली.

“रांजणाची आंघोळ करून राह्यल्या?”

“पस्तीस वर्षांचा पारोसा होता बाई,” चतुराबाई म्हणाली, आणि वर्षाराणी हसली. हसू नये असं ठरवून हसली.

दोन तास ऊन खाऊन रांजण जागेवर आला. पाणी, दोनच थेंब, अर्धा तास. या वेळी नळी वर्षाराणीनं धरली. तळातून फिकट, हळदीचं बोट लागल्यासारखा रंग वर चढला.

“आता चांगलं ना?”

“आज चांगलं. उद्याचं उद्या.”

संस्कृतीनं तांब्या पुढे केला. चतुराबाईनं तो हातातून काढून जारच्या पाण्यानं भरून दिला. “आज जारचंच पी. मले आठ दिवस रोज पाहू दे, मंग.”

गाडीची वेळ झाली. पिशवी निघाली, चपला निघाल्या; जार ओट्यावरच होता.

“हा राहू द्या इथंच,” वर्षाराणी दारातून म्हणाली. “सुट्टीचं... पाहू.”

गाडी मेडशीच्या वळणावरून दिसेनाशी झाल्यावर चतुराबाई घरी आली आणि पुन्हा रांजणात हात घातला. भिंत खरखरीत, मांजराच्या जिभेसारखी. ते परत येतील, हे तिला ठाऊक होतं. एखादा तर आत्ताही कुठल्या भेगेत बसून गोधडीचा पहिला टाका घालत असेल. घालू दे. हात आहे. तो आत घालायची आता भीती नव्हती... आणि ‘पाहू’. नकार नव्हता तो. होकारही नव्हता. तिनं तो शब्द मनातल्या मनात नळीसारखा खिडकीकडे धरला, मग दाराकडे, आणि तो कोरा नाही एवढं तिला दिसलं.