लेसोंचा रस्ता

नकाशा चर्चच्या हॉलमध्ये जमिनीवर अंथरला होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अख्खं नैरोबी आणि आजूबाजूची गावं, थिकापासून पार आथी नदीपर्यंत. बसचे नवे रस्ते लाल, घरांच्या वसाहती पिवळ्या, मैदानं आणि नदीकाठच्या बागा हिरव्या. आमच्या वस्तीतली माणसं भिंतींना चिकटून उभी होती. नकाशावर पाय ठेवायची कुणाची छाती होईना.

माझी कवाता मात्र हात सोडवून सरळ शहरावर चालत गेली.

"अगं, अगं!" मी ओरडले.

"राहू दे, कवाताची आई," चेबेत हसली. ती विद्यापीठातली, आराखडा करणाऱ्यांपैकी, माझ्याहून लहानच. "तिच्याचसाठी तर आहे हे सगळं."

"आपलं घर कुठंय?" कवातानं विचारलं.

चेबेतनं गुडघ्यांवर बसून बोट टेकवलं. सगळी वस्ती त्या बोटाखाली झाकली गेली. एवढी माणसं, एवढी भांडणं, एवढा धूर, आणि सगळं एका बोटाखाली! तरीही तिथं कुणीतरी आठवणीनं एक बारीक लाल रेघ ओढली होती. मोठ्या रस्त्यावरच्या नव्या बसथांब्यापासून आत, थेट आमच्यापर्यंत. गाडी येईल असा रस्ता.

त्या रेघेवरून माझी नजर हलेना. कवाताला दमा आहे. गेल्या जुलैत, इथल्या थंडीच्या महिन्यात, तिचा श्वास अडकला, तेव्हा तिला छातीशी धरून मी गल्लीतून पळाले होते. आमची गल्ली अशी की समोरून कुणी पाण्याची बादली घेऊन आलं तर एकानं मागं सरायचं. पत्र्यांच्या कडांनी माझी दोन्ही कोपरं सोलून निघाली. टॅक्सी मोठ्या रस्त्यावरच थांबलेली. आत येणार तरी कुठून?

मग मी नीट पाहिलं. रेघ गल्लीतून येतच नव्हती. ती मैदानावरून येत होती.

मैदान म्हणजे लाल मातीचा तुकडा आणि दोन जुने टायर, बस. पण चुलींचा आणि जळत्या कचऱ्याचा धूर जिथं साचत नाही अशी वस्तीत तेवढीच जागा. नदीकडून वारा येतो. कवाता तिथं खेळते तेव्हा तिच्या छातीतली शिट्टी थांबते. मी दारात भाजी चिरत असले तरी कान तिकडेच असतो.

"मैदानावर घरं नाहीत ना," चेबेत अवघडून म्हणाली. "कुणाचं काही पाडावं लागत नाही."

"आणि गल्लीतून आणला तर?"

"तर नदीकडच्या रांगेला मागं सरावं लागेल. घरांमागचा नाला नळात घालून रस्त्याखालून नेता येतो. तो बुजवला की मागं तेवढी जमीन मिळते. पण रांगेतल्या सगळ्यांनी हो म्हणायला हवं. एक अडला की रस्ता अडला."

मी उभी राहिले. "मग रांग मागं सरकवू या. मैदान राहू दे."

हॉलभर हशा पिकला.

"सरकवू या म्हणे!" ओन्सोंगोबाबा म्हणाले. ते न्हावी. त्यांचं दुकान गल्लीच्या वळणावर, सगळ्यांत पुढं आलेलं. "घर आहे की बकरी, कान धरून मागं ओढायला? या कॉलेजवालीनं हेच शिकवलं काय गं तुला?"

"बाबा, पत्र्याची तर घरं आहेत..."

"आणि तुझं कुठल्या रांगेत? समोरच्या! वा! शेजाऱ्याची कोंबडी कापून पाहुण्यांना जेवण!"

माझे कान तापले, कारण ते खरंच बोलत होते. शेजारीण नेकेसानं मला खाली ओढलं. "बस. विचार काही वाईट नाही. माझं घर तसंही वाकडं आहे, सरकवताना सरळ होईल."

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढच्या रविवारी चेबेत पुन्हा आली. "कागदावर भांडू नका, रस्ता आखून तर बघा," म्हणाली. दोरी पुरेना. तेव्हा नेकेसानं ड्रेसवर कमरेला गुंडाळलेलं आपलं रंगीत कापड, लेसो, सोडलं आणि कोपऱ्यावरच्या खिळ्याला बांधलं. "घ्या. इथून रस्ता."

दुसरीनं आपलं लेसो त्याला जोडलं. मग तिसरीनं. प्रार्थना नुकतीच सुटली होती, सगळ्या बायका चांगल्या कपड्यांत होत्या. कुणाचं लग्नातलं, कुणाचं सासूनं दिलेलं. मी कवाताला पाठीशी बांधायचे ते माझं. रस्त्याची नवी कड घरांच्या आतून जात होती, म्हणून कापडही आतून जाऊ लागलं. एका खिडकीतून आत, पलंगावरून, पातेल्यांवरून, पत्र्याच्या फटीतून शेजारच्या घरात. घरोघर माणसं आपल्याच खोलीत उभी राहून ती रंगीत रेघ बघत होती.

न्हाव्याच्या दुकानाशी सगळे थांबले. बाबा आपल्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते.

"बांधा, बांधा. कापडच ते. संध्याकाळी सुटेल."

लेसो त्यांच्या खुर्चीमागून गेलं. म्हणजे बाबा, खुर्ची, आरसा, सगळेच रस्त्यात.

बाबा उठून बाहेर आले. लेसोकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे.

"एवढ्यातून काय काय जाईल?"

"आगीचा बंब जाईल, रुग्णवाहिका जाईल," चेबेत म्हणाली.

"आणि पेटी?"

"कसली पेटी, बाबा?"

तिला कळलं नाही. आम्हाला कळलं. त्यांची बायको मोरा गेली तेव्हा तिची शवपेटी गावी न्यायची होती, आणि ती या वळणावर वळेना. शेवटी उभी करावी लागली. बाबा तिला बिलगून चालत होते, आतल्या बाईला धीर द्यावा तसे लाकडावर थोपटत.

"आडवी," बाबा म्हणाले. "आडवी जाईल का?"

"जाईल," चेबेत हळूच म्हणाली. "दोन्ही बाजूंना माणसं चालतील, तरी जाईल."

बाबा आत गेले. मग खिळा करकरत निघाल्याचा आवाज आला, आणि आरसा हातात घेऊन ते दारात आले.

"कवाताची आई, बघत काय राहिलीस? धर. फोडलास तर तुझ्या नवऱ्याची अर्धीच दाढी करीन."

नाला बुजायला आणि नळ पडायला मधे बरेच महिने गेले. मग ती सकाळ आली. छपरांचे पत्रे उतरवले, खांब जमिनीतून मोकळे केले, चौकटींना आडवे वासे बांधले. माणसं घरांत शिरली, बाहेरूनही धरली. "हरांबेऽऽ! सगळे मिळून!" अशी हाक उठली आणि नेकेसाचं घर जमिनीवरून सुटलं.

घर चाललं. दारखिडक्यांसकट, भिंतीवरच्या कॅलेंडरसकट. भिंतींच्या पत्र्यांखाली नुसते पाय दिसत होते, अनवाणी, बुटातले, चिखलातले, सगळे एका तालात मागं जाणारे.

"आई, घराला पाय फुटले!" कवाता किंचाळली.

घर गेलं, पण चूल होती तिथंच राहिली. नेकेसा उघड्यावर बसून राजमा ढवळत होती. घराकडे हात करून म्हणाली, "व्हा पुढं. शिजलं की येते."

मागोमाग दुसरं घर उठलं, मग तिसरं. ती घरं ओळीनं मागं सरत गेली आणि मधे आभाळ रुंद होत गेलं. शेवटी न्हाव्याचं दुकान. बाबा स्वतः वाशाखाली खांदा देऊन होते, ओरडत होते, "हळू! आत माझे वस्तरे आहेत!"

दुपारी गल्लीत जेवणं चालली होती. मैदानावर चेंडूचा आवाज येत होता. कवाताचा श्वास साफ होता, मी कान लावून पाहिलं. तरी मी तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि आमच्या दारापासून पळत सुटले.

"काय झालं? पोरीला काय झालं?" बाबा उठून ओरडले.

"काही नाही! बघतेय नुसतं!"

"बघताना माणसं उभी राहतात गं!"

पण सगळे ताटं घेऊन बाजूला झाले. वळण आलं आणि गेलं. थेट मोठ्या रस्त्यापर्यंत माझ्या कोपरांना काही म्हणजे काही लागलं नाही. तिथं पोचल्यावर मी धापा टाकत होते. कवाता नव्हती टाकत.

"आई," ती म्हणाली, "आता परत तस्संच."