खंडेनवमीला धुतलेला पुलर

मित्रांनो, रामकिशनच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली पोत्यात गुंडाळलेलं ते जड लोखंड दिसतंय ना, तो मी. चिखलात रुतलेली गाडी हाताने ओढून काढणारा जुना पुलर. एक लांब दांडा, एक दातेरी चाक, ते उलटं फिरू नये म्हणून एक खटका आणि वीस हात तार, एवढाच माझा संसार.

परभणीच्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. तिथून रामकिशनने मला झरी गावापासून आत, काळ्या रानातल्या आपल्या गावी आणलं. पावसाळ्यात तिथली वाट पायातली चप्पलसुद्धा सोडत नाही, मग जीपची काय कथा! माझा आकडा बाभळीच्या बुंध्याला अडकवायचा आणि दांडा पुढेमागे करायचा. दर हिसक्याला गाडी बोटभर सरके. शेजारच्या दिनकररावांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला परभणीला जावं लागे आणि रामकिशनच त्यांना नेई. मागे बसून ते माझे हिसके मोजत. "साठात निघाली बग आज," असं ते म्हणाले की मला फार बरं वाटे.

पण रामकिशनचा खांदा भरून येऊ लागला. त्याचा मेहुणा परमेश्वर म्हणाला, "दाजी, बॅटरीवरचा विंच बसवा. बटन दाबलं की गाडी भाईर. किती दिवस हाडं मोडून घ्यायलाव?"

"आन् बॅटरी बसली तर?"

"जुना हायच की संगं!"

मला राग आला, पण तो चुकीचं बोलत नव्हता. नवा विंच बंपरवर बसला आणि चहा गार व्हायच्या आत गाडी ओढून काढू लागला. दोघांनाही ठेवायचं, हा निर्णय शहाणपणाचाच होता. घोड्याने पेंड खाल्ली ती पुढे.

खंडेनवमी आली. रामकिशनची बायको कडूबाईने मला घासून धुतलं, झेंडूचं फूल वाहिलं. नव्या विंचला आणि बॅटरीलाही हळदकुंकू लागलं. कडूबाई म्हणाली, "अवो, ह्याला तेलाचं बोट तरी लावा."

"आज हत्याराला हात लावत नसतेत. उद्या बगू," रामकिशन म्हणाला.

उद्या दसरा होता, परवा सोयाबीनची मळणी. मी ओलाच पोत्यात गेलो. खटक्याला गंज चढला. बॅटरीच्या टोकांवर पांढरा बुरा साचला, पण वरून कुंकू होतं, म्हणून कुणी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात एका मंगळवारी दिनकररावांचे पाय सुजून टम्म झाले होते. सून मनिषा त्यांना धरून बसली होती. नाल्यात जीप रुतली आणि इंजिन बंद पडलं. रामकिशनने बटण दाबलं. नवा विंच एकदा घुरघुरला आणि गप्प झाला.

मग माझी आठवण झाली. आकडा बाभळीला लागला. दांडा हलेना, तेव्हा रामकिशनने सगळा जीव लावला. मागून दिनकररावांचा धापा टाकणारा आवाज येत होता, "पाच... सहा..."

"मामा, बोलू नका!" मनिषा रडकुंडीला आली होती.

अकराव्या हिसक्याला गंजाने अडकलेला खटका दात्यात नीट बसला नाही आणि सटकला. दांडा उलटा फिरला आणि रामकिशनच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्याच दांड्याने मोडलं होतं ते. जीप पुन्हा नाल्यात गेली.

जवळच्या रानात बन्सीधरचा आखाडा होता, म्हणजे शेतातला गोठा; मनिषा चिखल तुडवत तिथे धावली. त्याच्या दोन बैलजोड्यांनी गाडी काढली, तेव्हा दुपार टळली होती. दिनकररावांचा नंबर हुकला. छातीत पाणी भरलं आणि आठ दिवस त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. ते वाचले, पण तेव्हापासून बन्सीधर चालवतो त्या गाडीत बसताना ते माझ्याकडे बघत नाहीत.

मित्रांनो, हाताचा पुलर चांगला की बटणाचा विंच, असं लोक अजून पारावर भांडतात. जरूर भांडा. पण तुमच्या घरी जे असेल ते आज उघडून बघा, पुसा, तेल द्या. रामकिशनचा हात प्लास्टरमध्ये आहे, परमेश्वर त्याच्या गावी आहे आणि माझा खटका अजून अडकतो. दिनकररावांना उद्या पुन्हा परभणीला जायचं आहे.