तज्ज्ञ आले नाहीत

“सर, इथं कशाला बसले? आत शेठजी बोलावून राह्यले तुम्हाला,” रखमाजी शिपाई म्हणाला आणि चहाचा ट्रे तसाच धरून उभा राहिला.

मी बाकावरून उठलो. बाकावर आम्ही चार उमेदवार होतो आणि चौघांच्याही मांडीवर फायली होत्या. बाकीच्या तिघांनी माझ्याकडं जरा धास्तीनंच पाहिलं. पुकारा न होता आत जाणारा माणूस म्हणजे जागा त्याचीच, असं त्यांना वाटलं असणार. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं.

जालन्यात मंठा रोडला आमचं कॉलेज. तिथं बीबीए सुरू झालं त्या वर्षापासून मी शिकवत होतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये अर्ज करायचा, आपल्याच कामासाठी मुलाखत द्यायची, एप्रिलमध्ये निरोप घ्यायचा आणि पुन्हा जूनमध्ये नवा शर्ट घालून यायचं. नाव साहेबराव आणि नोकरी ही अशी. गावाकडं तीर्थपुरीला भावकीत कुणाचं लग्न असलं की लोक ‘या प्रोफेसर’ म्हणायचे. मी हसून पाणी प्यायचो.

बीबीए म्हणजे तीन वर्षं आणि सहा सत्रं. पहिल्या वर्षी व्यवस्थापनाची तत्त्वं, लेखांकन, गणित. दुसऱ्या वर्षी विपणन आणि संघटन वर्तन. तिसऱ्या वर्षी मानव संसाधन, उत्पादन, उद्योजकता आणि शेवटी प्रकल्प. प्रत्येक विषयाला वेगळा माणूस असेल, अशी अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांची भाबडी समजूत. आमच्याकडं सगळ्या विषयांना मीच. तास संपला की पोरं म्हणायची, “सर, तुम्ही बसाच. फक्त विषय बदला.” संध्याकाळी घसा असा बसायचा, की घरी उषा बोलायची आणि मी मान हलवायचो.

दोन हजार तीन सालचा तो जून मात्र वेगळा होता. विद्यापीठाच्या समितीनं बजावलं होतं, बीबीएला निदान एक पूर्णवेळ अधिव्याख्याता नेमा, नाहीतर मान्यता काढू. म्हणून कायम जागा निघाली होती. एकच. ती गेली असती, तर पुढची निघेपर्यंत मी म्हातारा झालो असतो. महिनाभर मी मुलाखतीची तयारी करत होतो. मस्तगडातल्या आमच्या दोन खोल्यांत येरझारा घालत मोठ्यानं उत्तरं म्हणायचो आणि उषा तांदूळ निवडत ऐकायची.

आत गेलो. संस्थेचे अध्यक्ष शिवनारायण शेठ मधोमध बसले होते, शेजारी प्राचार्य. तिसरी खुर्ची रिकामी होती.

“या सर, बसा,” शेठजींनी त्या खुर्चीकडं बोट दाखवलं. “विद्यापीठाचे तज्ज्ञ आले न्हाईत. औरंगाबादेतच गाडी बंद पडली म्हणून फोन आल्ता. आता ह्या बीबीएचं आम्हाला काय समजतं? मी बियाण्याच्या धंद्यातला माणूस, प्राचार्य इतिहासाचे. तुम्हीच इचारा, मार्कही तुम्हीच टाका. जल्दी आटपू.”

“शेठजी, पण माझाही अर्ज हाये,” मी म्हणालो.

“अरे, तुम्ही तर घरचे! तुमचं शेवटी बघू.”

प्राचार्य पंख्याकडं बघत होते. ‘घरचे’ हा शब्द ऐकून मी इतका सुखावलो, की पुढं काही बोलायचं सुचलंच नाही. सात-आठ वर्षं दारात उभं राहिलेल्या माणसाला आत ये म्हटलं, तर तो चौकशी करत बसत नाही. मी खुर्चीत बसलो.

पहिले दोन उमेदवार यथातथाच होते. तिसरी आली ती सत्यशीला. केदारखेड्याची मुलगी, औरंगाबादेत एमबीए केलेली. पदराशी चाळा करत बसली होती. मी तिला विचारलं, “एका माणसाला एकाच वरिष्ठानं हुकूम द्यावा, हे तत्त्व पहिल्याच सत्रात येतं. समोर पोरं शेतकऱ्यांची आणि दुकानदारांची. कसं शिकवाल?”

तिनं हातातला पदर सोडला. “सर, आमच्या घरात वहिनी एक आणि सासवा दोन. आई आणि काकू. एक म्हणते भाकरी आधी टाक, दुसरी म्हणते आधी धुणं काढ. वहिनी दोघींचं ऐकायला जाती, मंग भाकरी करपती, धुणंही राहतं आणि बोलणी तिलाच बसतात. पोरांना मी इचारीन, यात चूक वहिनीची का?”

शेठजी खो-खो हसले. मीही हसलो. इतकी वर्षं मी हे तत्त्व शिकवताना सगळ्यांचे हुकूम झेलणाऱ्या रखमाजीचं उदाहरण देत आलो होतो. तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. तिच्यात शिकवण्याची हौस दिसत होती. मला मनापासून आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ आठवलं, जागा एकच आहे. मार्क टाकताना पेन जरा अडलं. मग मनात म्हटलं, साहेबराव, तू घरचा आहेस, कंजुषी कशाला करतोस? मी तिला हात सैल सोडून मार्क दिले आणि खाली सही केली.

ती गेल्यावर मी उठून टेबलाच्या पलीकडं गेलो, उमेदवाराच्या खुर्चीजवळ. फाइल उघडली. प्राचार्यांनी घसा साफ केला.

“सर, जरा अडचण आहे. हे कागद आजच विद्यापीठात जायचेत, मुदत आजची आहे. तज्ज्ञ म्हणून यावर तुमची सही झालीये. त्याच कागदावर उमेदवार म्हणून तुमचं नाव कसं दाखवणार? नेमणुकीला मान्यताच मिळणार नाही.”

“असं असतंय काय?” शेठजी खरोखरच चकित झाले. “मंग हे आधी सांगायचं ना, सर! तुम्ही तर हेच शिकवता.”

शिकवतो. तिसऱ्या वर्षी, मानव संसाधनात, निवड प्रक्रियेच्या प्रकरणात. ज्याचा स्वतःचा संबंध आहे त्यानं निवड मंडळावर बसू नये. परीक्षेला हमखास येतं म्हणून मी पोरांकडून ते घोकून घ्यायचो.

हा डाव होता असं लोक नंतर म्हणाले. मला तसं वाटत नाही. डाव टाकायचा तर आधी माझा विचार करावा लागला असता, आणि तेवढी सवड तिथं कुणाला होती? कॉलेजात कुठलंही काम अडलं की मला बसवायची सर्वांना सवय झाली होती, मलाही. परीक्षेला पर्यवेक्षक मी, स्नेहसंमेलनाला सूत्रसंचालक मी. तसंच हे.

“नाराज नका होऊ,” शेठजी म्हणाले. “मॅडमला देऊन जे तास उरतील ते बिलकुल तुमचेच.”

मी “बराबर आहे” म्हणालो. काय बराबर होतं कोण जाणे.

बाहेर सत्यशीला थांबली होती. “सर, माझं काही होईल का?”

“होईल,” मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. “तुम्ही इथंच आहात ना? मला लेखांकनाची लई भीती वाटती.”

“आहे ना. विचारत जा.” तिचा राग यावा असं मला फार वाटत होतं, पण आलाच नाही. रागाला अंगात जोर लागतो.

घरी आलो तेव्हा ऊन नुकतंच कलायला लागलं होतं. उषानं हात पुसत विचारलं, “कशी झाली मुलाखत?”

“चांगली झाली. केदारखेड्याची एक मुलगी होती, हुशार. तिला घेतली.”

“कोणी घेतली?”

“मी.”

मग मी तिला सगळं सांगितलं. ती कुणाला शिव्या देईल, रडेल, असं वाटलं होतं. पण शेवटी ती एवढंच म्हणाली, “मंग तुम्हाला कोणी काय इचारलं?”

“मला कुणी काहीच विचारलं नाही, उषा.” हे बोलताना मात्र माझा आवाज फाटला. जागा गेल्याचं दुःख मी वाटभर आवरलं होतं, हे आवरेना. महिनाभराची तयारी घशाशी तशीच अडकून बसली होती.

उषानं मोरीवर तोंड धुतलं आणि पदर सारखा केला. एक पाट भिंतीशी ठेवला, दुसरा समोर मांडून त्यावर बसली. “बसा,” ती म्हणाली. “सांगा, व्यवस्थापन म्हंजी काय?”

मी तिच्याकडं पाहिलं. ती हसत नव्हती. मी शर्टाचं वरचं बटण लावलं, पाटावर ताठ बसलो आणि उत्तर द्यायला सुरुवात केली.