बिनकाचेचा चष्मा आणि डीपीचा दहावा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे, पण मला काचा नाहीत. त्यामुळे माझा नंबर कधी वाढत नाही आणि मला पुसायचीही गरज पडत नाही. चष्म्याच्या जातीत असं सुखाचं आयुष्य फार थोड्यांना मिळतं. माझी फ्रेम काळी आहे, जाड आहे, आणि उजव्या दांडीचा स्क्रू गेल्यामुळे तिथे हिरव्या दोऱ्याची गाठ मारलेली आहे. त्या गाठीबद्दल मी शेवटी सांगेन.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते धुळ्यातलं पारसमलजींचं चष्म्याचं दुकान. मी तिथे काचेच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर पडलेला असे. गिऱ्हाईक यायचं, मला डोळ्यांवर लावायचं, आरशात बघायचं आणि परत ठेवून द्यायचं. एक जण तर म्हणाला की हा चष्मा घातल्यावर मी माझ्याच सासऱ्यासारखा दिसतो. पारसमलजींच्या पत्नी कुसुमलताबाई दर दिवाळीला दुकानाची साफसफाई करताना मला हातात घेऊन म्हणत की हे ध्यान आता कोणाला तरी देऊन टाका. ध्यान म्हणजे मी.

एके दिवशी शिरपूरकडच्या एका खेड्यातून निंबाभाऊ आणि त्यांची बायको दिपमालाबाई दुकानात आले. कापूस वेचून आणि बारीक शिवण करून दिपमालाबाईंच्या डोळ्यांना त्रास व्हायला लागला होता. पारसमलजी त्यांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावत होते. दुकानात गर्दी होती, ऊन होतं, पंखा बंद होता आणि सगळे वैतागलेले होते. बसून कंटाळलेल्या निंबाभाऊंनी मला उचललं आणि नाकावर ठेवलं. मग त्यांनी एखाद्या मोठ्या साहेबासारखा चेहरा केला. पुढे त्यांच्या डोळ्याला खाज आली, तेव्हा त्यांनी चष्मा काढला नाही. त्यांनी बोट सरळ माझ्यातून आत घातलं आणि डोळा चोळला.

मला काचा नाहीत हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळं दुकान हसलं. दिपमालाबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी थांबेना. पारसमलजींनी हातातलं सामान खाली ठेवलं आणि सांगितलं की आता बाईंचा नंबर आज काही निघत नाही, उद्या या. जाताना त्यांनी मला निंबाभाऊंच्या खिशात घातलं. मला पहिल्यांदाच कळलं की मी ज्या कामासाठी झालो होतो ते काम पाहणं नव्हतंच.

निंबाभाऊ शेतकरी. पण गावात गणपती बसला, कोणाची हळद लागली की लोक त्यांना नकला करायला उभं करायचे. मी आल्यावर त्यांना एक पात्र सापडलं: चष्मेवाले नाना. नानांना सगळ्यातलं सगळं कळतं आणि शेवटी बायकोपुढे त्यांचं काही चालत नाही. मग नाना रडतात. त्यांचं रडणं म्हणजे विहिरीत पाणी नसताना चालू केलेली मोटार. आधी घरघर, मग खरखर, मग एक लांब हुंदका. आणि त्या हुंदक्यावर माझ्यातून बोट घालून डोळे पुसायचे. इथे टाळी ठरलेली.

पुढे घरोघरी मोबाईल आले. दिपमालाबाईंनी एका काठीला मोबाईल बांधला आणि दोघे मिळून खान्देशी बोलीत छोटे छोटे व्हिडिओ करू लागले. लोक त्यांना ओळखू लागले. जळगावजवळच्या असोद्याला त्यांना वांग्याच्या भरताच्या पार्टीला बोलावलं, दीपनगरच्या कॉलनीत गणेशोत्सवात बोलावलं. मी मात्र एकाच खिशातून फिरलो.

मित्रांनो, लोकांना वाटायचं की हसवण्याची कला निंबाभाऊंची आहे. अर्धी गोष्ट बरोबर आहे. दिपमालाबाईंचा एक नियम होता. व्हिडिओ ज्या माणसावर केला असेल, त्याला तो आधी नेऊन दाखवायचा. तो हसला तर लोकांना दाखवायचा, नाही हसला तर पुसून टाकायचा. त्या म्हणायच्या, "ज्यान्हावर हासनं, तो पहिले हासाले पाहिजे." एकदा निंबाभाऊंनी म्हाताऱ्या पितांबरआबांच्या लंगडण्याची नक्कल केली. आबांनी ती पाहिली आणि तोंडाने 'चांगली शे' म्हटलं, पण ते हसले नाहीत. बाईंनी त्यांच्यासमोरच तो व्हिडिओ पुसला. मग आबा हसले.

आता डीपीची गोष्ट सांगतो. आमच्याकडे शेतातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात. एका उन्हाळ्यात गावाची डीपी जळाली. नवी येईना. केळी सुकायला लागली. लोक वायरमन तोतारामच्या अंगावर धावून जायला लागले आणि तोताराम मोटारसायकल लपवून गावात येऊ लागला. काहीतरी वाईट घडणार असं दिसत होतं.

निंबाभाऊंनी सतरंज्या काढल्या आणि डीपीच्या खांबाखाली अंथरल्या. आमच्या भागात कोणी वारलं की लोक त्या घरी 'दारावर' जातात. कोणी फार बोलत नाही. येतात, हात जोडतात, ओट्यावर बसतात आणि हळूच विचारतात. तसंच सगळं गाव डीपीच्या दारावर येऊन बसलं. मी नानांच्या नाकावर होतो. पितांबरआबा पुढे सरकले आणि त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कशी काय गयी?"

"काल सांजलोंग चांगली व्हती," नाना म्हणाले.

"शेवट काही बोलनी का?"

"एकदाच बोलनी, आबा. ढप."

आणि पाणी नसलेली मोटार सुरू झाली. घरघर, खरखर, हुंदका, बोट. नियमाप्रमाणे दिपमालाबाईंनी तो व्हिडिओ आधी तोतारामला दाखवला. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "भाऊ, डीपीना दहावा करा, पन मन्ही नोकरीना करू नका." मग तोच मोबाईल घेऊन तो आपल्या साहेबांकडे गेला. साहेब हसले. हसून झाल्यावर माणसाला राग धरून बसता येत नाही. दहाव्याच्या आधी नवी डीपी आली. गावाने तिचं बारसं केलं. त्या दिवसापासून कोणाच्या लग्नात व्याही रुसला किंवा बांधावरून दोन भाऊ भांडले की लोक आधी चष्मेवाल्या नानांना बोलावू लागले. भांडण मिटवायला मोठी माणसं होतीच. पण आधी दोन्हीकडच्या गळ्यात अडकलेलं काहीतरी मोकळं व्हावं लागतं. ते काम माझं आणि नानांचं.

मग मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास दिपमालाबाई आजारी पडल्या. त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. निंबाभाऊ त्यांच्या उशाशी मला घालून बसायचे, कारण बाईंना ते तसेच हवे होते. त्यांचं हसणं हळूहळू बारीक झालं, पण बंद झालं नाही. शेवटच्या दिवशी निंबाभाऊ कान त्यांच्या तोंडाजवळ नेऊन बसले. बाई काहीतरी बोलल्या. ते इतकं हळू होतं की खिशात मला ऐकू आलं नाही. नंतर निंबाभाऊ एकटे घरी आले आणि त्यांनी मला ओट्यावरच्या खिळ्याला अडकवलं.

लोक दारावर येऊ लागले. दिपमालाबाईंच्या आई ताईबाई दाराच्या आत बायकांमध्ये बसलेल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. लेक गेल्यापासून त्यांनी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. निंबाभाऊ मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले होते. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पितांबरआबा आले, हात जोडून बसले आणि रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, "शेवट काही बोलनी का?"

आबांच्या मनात काही वेडंवाकडं नव्हतं. असंच विचारतात. पण निंबाभाऊंच्या छातीतून घरघर निघाली, मग खरखर, मग तो लांब हुंदका. ते खरोखर रडत होते. त्यांना दुसरं रडणं येतच नव्हतं. आणि मी नाकावर नसतानाही त्यांचं बोट वर गेलं, मी असायचो तेवढं अंतर सोडून वाकलं आणि मग डोळ्याला लागलं.

आतून मोठ्याने हसू आलं.

अक्का हसल्या होत्या. सगळा ओटा आत वळून पाहू लागला. अक्कांनी पदर तोंडात कोंबला आणि त्या भिंतीकडे वळल्या. बायका आपसात कुजबुजल्या की आईच्याच तोंडावर हसू कसं आलं. कार्य होताच अक्कांचा मुलगा गिरधर त्यांना गाडीत बसवून घेऊन गेला. त्या पुन्हा आल्या नाहीत. निंबाभाऊंनी मला खिळ्यावरून काढलं आणि पेटीत, दिपमालाबाईंच्या लुगड्यांच्या खाली ठेवून दिलं. आपल्या सोंगामुळे एका आईला लेकीच्या दारावर लाज आली, असं त्यांनी धरून घेतलं होतं.

पेटीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मला सगळं ऐकू यायचं. असोद्याचे लोक भरताचं बोलावणं घेऊन आले, निंबाभाऊंनी नाही म्हटलं. तोताराम नुसताच भेटायला आला आणि ते नीट बोलले, पण तोताराम एकटाच हसून निघून गेला. गावात एका लग्नात व्याही रुसले आणि वऱ्हाड न जेवता परत गेलं, हेही मी पेटीतच ऐकलं. लोक म्हणत की नाना असते तर असं झालं नसतं. पण पुढे होऊन निंबाभाऊंना परत आणायचं कसं, हे कोणालाच माहीत नव्हतं. कारण आमच्याकडे घरातल्या माणसाने आपला शोक आपणच संपवायचा नसतो. सासरचं माणूस पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतं, जावयाच्या डोक्यावर नवी टोपी घालतं, मग तो चारचौघांत जायला मोकळा होतो. आणि अक्का येतील असं कोणालाच वाटत नव्हतं.

आखाजी आली. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. सकाळी दाराशी गाडी थांबली. गिरधर उतरला आणि त्याच्या मागून अक्का उतरल्या. त्यांच्या हातात टोपी होती. शेजारीपाजारी ओट्याजवळ जमले. अक्कांनी लेकीच्या घागरीजवळ ठेवायला तिचं एक लुगडं मागितलं. पेटी उघडली गेली. लुगड्याबरोबर मीही अक्कांच्या हातात आलो.

त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. मग त्या निंबाभाऊंसमोर बसल्या आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला जो आबांनी विचारला होता. पण त्या रीत म्हणून विचारत नव्हत्या. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"जवाईबुवा, मन्ही पोर शेवट काय बोलनी?"

निंबाभाऊंनी घागरीकडे पाहिलं.

"अक्का, ती बोलनी, मन्हा दारावर ते डीपीनं रडनं रडू नका, नहीते मन्ही माय हासी पडी."

मी अक्कांच्या हातात होतो, म्हणून मला आधी कळलं. त्यांच्या पोटातून काहीतरी वर येत होतं. त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. म्हणाल्या की त्या दिवशी हसले म्हणून रात्री दोन घास खाल्ले, नाहीतर मीही तिच्यामागे गेले असते. मला वाटलं होतं माझं चुकलं, असंही त्या म्हणाल्या. पण माझ्या पोरीला माझं हसू माहीत होतं.

मग त्यांनी निंबाभाऊंच्या डोक्यावर टोपी घातली. आणि टोपीनंतर मला उघडून त्यांच्या नाकावर ठेवलं.

"अक्का, लोके काय म्हनतीन?"

"मी तिन्ही माय शे. मी म्हनस ते लोकेसनी आयकानं."

निंबाभाऊंना रडू आलं. घरघर झाली, खरखर झाली, हुंदका आला. बोट वर आलं आणि या वेळी मी जागेवर होतो. ते माझ्यातून आत गेलं. सगळ्या ओट्यावर हसू फुटलं. पितांबरआबा तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मित्रांनो, आता मी पुन्हा कामावर आहे. व्हिडिओ आधी ज्याच्यावर असेल त्याला दाखवायचा, हा नियम तसाच आहे. त्यानंतर तो अक्कांना पाठवतात. परवा आम्ही धुळ्याला गेलो होतो. पारसमलजींनी माझी दांडी पाहिली आणि नवा स्क्रू फुकट बसवून देतो म्हणाले. ती हिरव्या दोऱ्याची गाठ दिपमालाबाईंनी मारलेली आहे. निंबाभाऊ म्हणाले की ती राहू द्या.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तुमच्या गावात, वर्गात किंवा घरात जो सगळ्यांना हसवतो, त्याच्याकडे कधीतरी विनोद न मागता जा. नुसते त्याच्याजवळ बसा. त्याला रडायचं असेल तर रडू द्या, आणि त्याचं रडणं पाहून हसू आलं तर फार घाबरू नका. आणि माझ्यासारखा एखादा जुना चष्मा घरात पडला असेल तर टाकू नका. त्याला जपा, त्याची दांडी बांधा. काचा मात्र बसवू नका. मग बोट कुठून जाणार?