झाकणाच्या आतली बाजू

मी पेटी बोलतेय. पत्र्याची, दोन कड्यांची, कुलूप लावायची. तुम्हाला ओळखायला जड जाईल, कारण हल्ली माझ्या डोक्यावर उशा असतात आणि मला ‘कॉर्नर सीट’ म्हणतात. माझा रंग पिस्ता आहे. पोटावर वारली नाच काढलाय. जन्म नगरच्या पत्रेवाल्याकडे, निम्मं आयुष्य उसाच्या फडात, आणि अंगावर ही नाचणारी मंडळी! त्यांचं माझं काय नातं, कुणी सांगेल का?

त्या मोबाईलमध्ये सारखं ‘टाकाऊतून टिकाऊ’ चाललेलं असतं. अहो, टाकाऊ कोण? तीस-पस्तीस वर्षं टिकले, ती काय ह्या रंगामुळे?

भागूबाईच्या लग्नात तिच्या भावाने मला दिलं. तिच्याबरोबर मी तिसगावात पुंजारामच्या घरी आले. दिवाळी झाली की दोघं नवराबायको ऊसतोडीला निघायची. ट्रॉलीत सगळ्यांत आधी मी चढायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमारास सगळ्यांत शेवटी उतरायचे. फडाजवळ पाचटाची कोपी उभी राहिली की पीठ, मीठ, तिखट, साड्या, सगळा संसार माझ्यात. कोपीला दार नसायचं. कुलूप काय ते मलाच.

कल्याण अशाच एका कोपीत जन्मला. बाळाला मुंग्या लागू नयेत म्हणून मला रिकामं केलं, आत गोधडी घातली आणि त्याला निजवलं. झाकण पडू नये म्हणून वर दोरीने बांधलं. त्या दिवशी पुंजारामने मुकादमाला तारीख विचारली आणि कोयत्याच्या टोकाने माझ्या झाकणावर आतून कोरली. माणूस चौथी शिकलेला. आकडे वाकडे, पण पत्र्यात खोल गेले. दुखलं मला, पण बाळ झोपलेलं होतं, म्हणून गप्प बसले.

कागदावर मात्र तारीख निराळी. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नव्हता, तेव्हा मास्तरांनी एक जून लिहून टाकलं. वर्गातली निम्मी पोरं त्यांनी एक जूनलाच जन्माला घातली. कल्याणची धाकटी बहीण मोनिका, तीही एक जूनची! खरं काय ते माझ्याकडे होतं. कल्याणची तारीख, मोनिकाची तारीख आणि त्या दोघांच्या मधे आणखी एक.

पुढे कल्याणने टेम्पो घेतला, ऊसतोड सुटली, स्लॅबचं घर झालं. घरात कपाट आलं आणि मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली गेले. चार वर्षांपूर्वी पुंजाराम गेला. भागूबाई अधूनमधून गुडघे धरत जिना चढायची, झाकण उघडायची, पदराने आतून पुसायची आणि खाली जायची. घरच्यांना वाटायचं, म्हातारीला पेटीचा लळा आहे.

मग निकिता. कल्याणची बायको, पुणतांब्याची, बी.ए. झालेली. मुलगी वाईट नाही, हे मी रागातही सांगते. पण घरातली एक वस्तू धड राहू देईल तर शपथ! दुधाच्या किटलीचा दिवा झाला. टायरचं बसायचं झालं. पुंजारामच्या कोयत्याची मूठ भिंतीवर चढून खुंटी झाली. गेल्या मे महिन्यात ती गच्चीवर कपडे वाळत घालताना माझ्याकडे बघून थांबली. मी ओळखलं, आता माझी पाळी.

भागूबाई तेव्हा मोनिकाकडे जामखेडला गेली होती. निकिताने रीतसर फोन केला. “आई, गच्चीवरची पेटी घेऊ का मी? घरात ठेवीन.”

“घे की. वर पडलीच हाय.”

सासूला वाटलं, सुनेला गोधड्या ठेवायच्या असतील. सुनेला वाटलं, परवानगी मिळाली. कुणी कुणाला आणखी काही विचारलं नाही. ह्या घरातल्या चुका अशाच होतात, अगदी प्रेमाने.

निकिताने गंज खरवडला. झाकण उघडून म्हणाली, “अगं बाई, आतून पण किती ओरखडे!” ओरखडे! मला तोंड असतं तर गल्ली जमवली असती. तिने त्यांत पुट्टी भरली, पॉलिश पेपर घासला आणि वरून पिस्ता रंग मारला. दोन दिवसांत गुळगुळीत केलं सगळं. तिने मोबाईलवर टाकलेल्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं, ‘ताई, खूप सुंदर’. कुणाला काय ठाऊक?

एक जूनला कल्याणचा वाढदिवस मांडला. केक माझ्याच डोक्यावर. दुपारच्या एसटीने भागूबाई आली, पिशवी ठेवली आणि मला बघून हसली. “लई भारी केली गं! वळखंना सुद्धा.” मग तिने केक उचलून सुनेच्या हातात दिला आणि झाकण उघडलं.

तिचा हात सवयीने बिजागरीपाशी गेला. तिथून चार बोटं खाली. परत वर आला, परत खाली गेला.

“निकिता, हितलं कुठं गेलं?”

“काय, आई?”

“हितं लिव्हलं हुतं. ह्यांनी.”

कल्याण हसला. “पेटीत काय लिव्हलं असंल, आई?”

“तू आज जन्मला न्हाईस, बाबा. तू जानेवारीतला हाय. हितं हुतं.”

निकिताचा चेहरा उतरला. तिने केक खाली ठेवला, आतून पेचकस आणला आणि माझ्यासमोर बसली. “आई, कुठे ते बोट ठेवून दाखवा.” भागूबाईने बोट ठेवलं. निकिता खरवडत गेली, बारीक पुट्टी केसातल्या पिनेने काढत गेली. पुंजारामने ज्या काळजीने कोरलं होतं, तितक्याच काळजीने. १२-१-९३. कल्याणने वाचली आणि त्याचं हसणं थांबलं. सगळ्यांत खालची मोनिकाची निघाली. मग मधली. ४-२-९५.

“आई, ही कोणाची?”

केकवरचं क्रीम वितळून ओघळत होतं. कुणाचंच लक्ष नव्हतं.

“तुझी ननंद. कल्याणच्या पाठची.”

“मला कधी बोलली न्हाईस,” कल्याण म्हणाला.

“काय बोलू? अकरा दिस हुती.”

निकिताने विचारलं, “नाव काय होतं, आई?”

“बारसं बाराव्या दिशी असतंय, बाई.”

ते अकरा दिवस ती माझ्यात निजली होती. बाराव्या दिवशी माझ्यातली गोधडी काढली आणि पुन्हा पीठ भरलं. तिचा ना दाखला, ना फोटो, ना शाळेतला एक जून. जगात तिचं म्हणून जे होतं ते माझ्या झाकणावरचे चार आकडे, आणि ते पुट्टीखाली गेले होते. सांगा, मी चिडू नको तर काय करू?

आता आतून मी खरवडलेली, चट्ट्याचट्ट्यांची आहे. निकिताने तारखांत बारीक ब्रशने पांढरा रंग भरला. पहिलीपुढे कल्याण लिहिलं, तिसरीपुढे मोनिका. मधलीपुढे ब्रश धरून तिने सासूकडे पाहिलं. भागूबाई म्हणाली, “ऱ्हाऊ दे.”

उशा ठेवा. वारली नाचवा. आणखी रंग आणा, सोसेन मी. पण कुणाचंही जुनं हातात घ्याल तेव्हा आधी ते उघडा आणि त्या घरच्या बाईला शेजारी बसवून विचारा, इथे काय आहे. आणि माझ्या झाकणावर, त्या मधल्या तारखेपुढे, बोटभर जागा कोरी आहे. ती मी राखून ठेवलीये. कृपा करून तिथे फूलबिल काढू नका.