माझ्या जागेवर हेलिकॉप्टर उतरतं

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे आणि मला हेलिकॉप्टरचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

माझं आयुष्य सुरू झालं ते पावाची गाडी म्हणून. बेकरी बंद पडली तेव्हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरापलीकडच्या एका काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, मला विकत घेतलं. पावाच्या फळ्या काढून आत तपासणीचा पलंग, बेसिन आणि औषधांचं कपाट बसवलं. दाराला लाकडी पायरी आली. मी फिरता दवाखाना झाले. पावाचा वास मात्र कितीतरी दिवस गेला नाही. आजारी माणसांना माझ्यात आलं की भूक लागायची.

ते साल होतं २००२. त्या काउंटीत गहू पुष्कळ होता आणि डॉक्टर फार थोडे. दवाखाना इतका लांब की लोक दुखणी अंगावर काढायचे. माझ्याबरोबर आली डॉक्टर नीलांबरी, मूळची नागपूरची. जिथे डॉक्टर मिळत नाहीत तिथे काही वर्षं काम करायचं, अशी तिच्या व्हिसाची अट होती. तिचा नवरा प्रसाद डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, बेलव्ह्यू शहरात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. सुट्टी मिळाली की तो घाट ओलांडून यायचा.

दर मंगळवारी आम्ही दोघी एका छोट्या गावात, अग्निशमन केंद्रासमोर उभ्या राहायचो. तिथे हार्लनकाका येत. ते शाळेची बस चालवत. त्यांना मधुमेह होता, आणि मधुमेहाने त्यांच्या पायांची जाणीव गेली होती. खडा टोचला तरी कळायचं नाही. नीलांबरीने पहिल्याच दिवशी त्यांना बूट आणि मोजे काढायला सांगितले. ते ओशाळले.

“माझे पाय काही बघण्यासारखे नाहीत, डॉक्टर.”

“आमच्याकडे मोठ्यांच्या पायांना हात लावणं मानाचं असतं,” ती म्हणाली. “मला तेवढा मान द्या.”

तिने त्यांचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. उजव्या टाचेला फोड आला होता आणि काकांना त्याचा पत्ताही नव्हता. तिने तो धुतला, बांधला, दर मंगळवारी पाहिला आणि बरा केला. त्याच पायाने ते पोरांनी भरलेल्या बसचा ब्रेक दाबत. काकांचं बघून बाकीचेही मोजे काढायला लागले. माझ्या पायरीवर बुटांची रांग लागायची. पण मित्रांनो, बऱ्या झालेल्या फोडाचा फोटो कोण छापतो?

फोटो छापून आला तो हेलिकॉप्टरचा. एकदा ट्रॅक्टर उलटून एक माणूस खाली सापडला आणि शहरातल्या इस्पितळातून ते आलं. काय तो आवाज, काय ती धूळ. सगळं गाव माना वर करून उभं. माणूस वाचला, याचा आनंद मलाही झाला. पण पुढे गावाने पॅनकेकची न्याहारी ठेवून वर्गणी जमवली आणि त्याला उतरायला जागा केली. कुठे, तर अग्निशमन केंद्रासमोर. माझ्या जागेवर. मोठं पांढरं वर्तुळ रंगवलं आणि मला मागच्या बाजूला कचऱ्याच्या डब्यांशेजारी ढकललं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एकदा ते सरावासाठी उतरलं होतं तेव्हा प्रसाद कॅमेरा घेऊन धावला.

“नीला, जरा लेफ्टला सरक ना यार. मागे व्हॅन येतेय फ्रेममध्ये.”

“येऊ दे ना. माझं ऑफिस आहे ते.”

“अगं, पण हेलिकॉप्टर कट होतंय.”

नीलांबरी सरकली. फोटोत मी आले नाही.

पुढे २००६ मध्ये काउंटीची सभा भरली. गेल्या काही वर्षांत हेलिकॉप्टर फारसं बोलवावं लागलेलं नाही, असं कुणीतरी म्हणालं. लोकांच्या तब्येती सुधारल्या आहेत, मग व्हॅन कशाला? नीलांबरी उठून म्हणाली, “व्हॅन येते म्हणूनच सुधारल्यात.” त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिचे आभार मानले आणि मला बंद करून तिथेच डब्यांशेजारी सोडून दिलं.

तिला लांबच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात खोली मिळाली. हार्लनकाकांना सकाळी आणि दुपारी बस काढावी लागे. मधल्या वेळात तिथे जाऊन परत येणं जमायचं नाही. ती फोन करायची. ते म्हणायचे, “पाय उत्तम आहेत, अजिबात दुखत नाहीत.” ती ओरडायची, “काका, न दुखण्याचीच मला भीती वाटते. या एकदा.” तिच्या तोंडून ‘काका’ ऐकून ते हसायचे. सुट्टी लागली की येतो म्हणायचे.

पुढच्या हिवाळ्यात पांढऱ्या वर्तुळात हेलिकॉप्टर उतरलं. स्ट्रेचरवर हार्लनकाका होते. पायाला जखम झालेली त्यांना कळलीच नव्हती, आणि तिचं विष अंगभर पसरलं होतं. खरं सांगते, त्या दिवशीही मला हेवाच वाटला. ते येऊ शकत होतं. माझी बॅटरी मेली होती, टायर जमिनीला टेकले होते, आणि माझा माणूस माझ्यासमोरून ते घेऊन गेलं.

काका वाचले. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वर्तमानपत्रात पुन्हा हेलिकॉप्टरचा फोटो आला. पोरं आता दुसऱ्या कुणाच्या बसमधून शाळेत जातात.

आता २००८ चा वसंत आहे. नीलांबरीची व्हिसाची अट संपली, तरी ती अजून इथेच आहे. परवा ती आणि प्रसाद स्वतःच्या गाडीतून आले. हार्लनकाका काठी टेकत माझ्या पायरीवर येऊन बसले. त्यांनी उरलेल्या पायाचा बूट काढला, मोजा काढला आणि न सांगता पाय तिच्या मांडीवर ठेवला. प्रसाद बूट धरून उभा राहिला.

तेवढ्यात वरून आवाज आला. प्रसादने मान वर केली, काकांनी केली, मीही मनातून केलीच. नीलांबरीने केली नाही. ती काकांच्या पायाच्या बोटांमध्ये बघत होती.

मित्रांनो, आकाशातून हेलिकॉप्टर गेलं तर तुम्ही जरूर वर बघा. ते बघण्यासारखंच असतं, हे मी जळत का होईना, कबूल करते. पण तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्यापाशी खाली बसा. मोजे काढा, पाय मांडीवर घ्या आणि नीट बघा. दुखतंय का, असं नुसतं विचारू नका.