रुग्ण आणि नातेवाईक एकच

आमच्या दवाखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा केक कापला होता. मी त्याचे दोन तुकडे खाल्ले.

त्याआधी कागदावर नाव लिहिलं की माणूस भरती व्हायचा. आता अकरा रकाने भरावे लागतात. ते सगळे पटल्याशिवाय कॉम्प्युटर भरती नंबर देत नाही आणि नंबर नसेल तर आमच्याच मेडिकलमधून साधी सुई सुटत नाही. जालन्यातल्या या खाजगी दवाखान्यात भरतीच्या खिडकीवर मी चार वर्षं बसते. भार्गवी मॅडम म्हणतात मला. मॅडम कसली, बटण दाबायचा पगार घेते.

त्या मंगळवारी सकाळी अकराला तीर्थपुरीहून जीप आली. उषाबाईंना कापसात खुरपताना नाग चावला होता. साठी उलटलेली बाई, पापण्या मिटत चाललेल्या, जीभ जड झालेली. डॉक्टर प्रियदर्शनींनी सलाईन लावलं आणि आतूनच सांगितलं, "भार्गवी, नंबर दे लवकर. विषावरचं इंजेक्शन मेडिकलमध्ये अडकलंय."

खिडकीशी त्याच वयाची दुसरी बाई दोन आधार कार्डं घेऊन उभी होती. तिचं नाव पुष्पाबाई.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"आक्का हाय ती माझी."

आक्का म्हणजे थोरली बहीण. मी यादीतून 'बहीण' निवडलं, दोन्ही कार्डांची माहिती भरली, बटण दाबलं. लाल चौकट आली. रुग्ण आणि नातेवाईक ही एकच व्यक्ती आहे. नोंद बंद.

मी कार्डं पुन्हा पाहिली. दोघींच्या नवऱ्याचं नाव रामकिसन. पत्ता एक, घरात फोन एकच म्हणून मोबाईल नंबर एक, जन्मतारीखही एक जानेवारी आणि साल तेच. गावाकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म आधारवाल्यांनी एक जानेवारीलाच उरकलाय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सॉफ्टवेअरला नाही. आधार नंबरचा रकानाच त्यात नव्हता, आणि उषा आणि पुष्पा यांतला फरक त्याने स्पेलिंगची चूक धरली.

"मावशी, नवऱ्याचं नाव एकच कसं?"

"येकच हाय. मी सवत हाय तिची. तिला लेकरू न्हाई म्हणून तिनंच मला मागणं घातल्तं. मला बी झालं न्हाई. मालक जाऊन तीन वर्सं झाली, आता आम्ही दोघीच राहून राह्यलो."

यादीत सासू होती, मेहुणी होती, मित्रसुद्धा होता. सवत नव्हती. आणि बंद झालेली नोंद फक्त मॅनेजरच्या पासवर्डने उघडते. हरिओम सरांना फोन लावला.

"तिकीट टाक," ते म्हणाले. तिकीट म्हणजे कंपनीकडे तक्रार.

"सर, नाग चावलाय."

"मग तर रेकॉर्ड साफच पाहिजे. उद्या पोलीस येतील. मागच्या महिन्यात चुकीच्या नोंदीचा मेमो तुलाच मिळालाय ना? मी तासाभरात येतो."

मी तिकीट टाकलं. लगेच उत्तर आलं, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. थुंकावंसं वाटलं त्या वाक्यावर.

पुष्पाबाई काचेला चिकटून उभ्या होत्या. "म्याडम, मला काय बी लिवा. घरातली नोकरीण लिवा. पण जल्दी करा."

जीपवाला बाहेर उभा होता. त्याला भाऊ करून नवी नोंद उघडली असती तर दोन मिनिटांत नंबर निघाला असता. हे मला नंतर सुचलं, असं मी घरी सांगितलं. ते खोटं आहे. मला तेव्हाच सुचलं होतं. मी मेमोचा विचार करत बसले आणि हात मांडीवर ठेवले. त्या हातांची मला अजून किळस येते.

डॉक्टर प्रियदर्शनी स्वतः मेडिकलपर्यंत पळाल्या, भांडल्या. मेडिकलवाल्याने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली आणि हात वर केले. त्या परत आत गेल्या. तास होत आला तेव्हा माझ्या खिडकीमागच्या दारातून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "राहू दे आता."

मी सरांना कळवलं. ते शांतपणे म्हणाले, "मृत्यूची नोंद टाकून घे. ती अडत नाही."

खरंच अडली नाही. त्या पानावर नात्याची यादीच नव्हती, नुसता रिकामा रकाना होता. मृत्यू कोणाला कळवला? पुष्पाबाई. नातं? मी 'सवत' लिहिलं. कॉम्प्युटरने चूं न करता घेतलं. वेळ बारा वाजून दोन मिनिटं.

कळवलं असं लिहून झालं होतं, कळवायचं राहिलं होतं. मी मान वर केली. पुष्पाबाईंनी काचेच्या भोकातून तोंड आत घातलं.

"लागला का म्याडम नंबर?"